बॉनेट उघडताना : सेन्सर घरी बदलू का?

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सेन्सरची पत्रं वाढतात. चार महिने ओल प्यायलेली कपलरं (वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे सांधे) आत्ता कुरकुरायला लागतात. त्यामुळे या वेळी सगळी जागा सेन्सरलाच देतो. नव्या वाचकांसाठी एवढंच, की १९८९ ते २०१७ मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा निदेशक होतो. आता घरामागच्या शेडमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या बघतो. उत्तरात मास्तरकी डोकावली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून चांगली तापली की अचानक बंद पडते. परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो, तिथेच गेली. सेल्फ नुसता फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. अर्ध्या तासाने, जसं काही झालंच नाही अशी चालू! गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी ०३३५ कोड आला. ‘क्रँक सेन्सर गेला’ म्हणाला आणि साडेचार हजार सांगितले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पाना-पकड हातात धरता येते. घरी बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बदला. पण या रविवारी नको, पुढच्या रविवारी. या रविवारी तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणायचा आणि नुसतं बघायचं.

पी ०३३५ म्हणजे ‘क्रँक सेन्सर खराब’ असं गॅरेजवाले धरून चालतात. मीही चालायचो. खरं म्हणजे ईसीएम (इंजिन चालवणारा गाडीतला संगणक) एवढंच सांगतंय, की ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून मला हवा तसा सिग्नल मिळाला नाही.’ त्याला स्वतःच्या पिनेपलीकडचं काही दिसत नाही. सेन्सर मेला, वायर तुटली, कपलरची पिन हिरवी पडली, उंदराने वेष्टण कुरतडलं, या सगळ्याला त्याच्याकडे बहुतेक वेळा एकच नंबर असतो.

माझीच फजिती सांगतो. २०१४ साली माझ्या गाडीत हाच कोड आला. मी निदेशक, रुबाब मोठा. बॉनेट नीट उघडायच्या आधीच नवा सेन्सर आणून बसवला. तीन दिवसांनी गाडी भर बाजारात बंद. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून त्याच्याशी भांडलो, दुसरा आणला. तोही तीनच दिवस चालला. शेवटी वर्गातला एक पोरगा, थिअरीत जेमतेम पास होणारा, कपलर हातात घेऊन उलटंपालटं करत म्हणाला, ‘सर, ह्यातली एक पिन आत सरकतीय.’ कपलर दाबून बसवलं की ती पिन मागे ढकलली जायची आणि इंजिनच्या थरथरीने अधूनमधून सुटायची. जाड सुईने पुढे ओढून तिची कडी अडकवली, काम संपलं. जुना सेन्सर अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. ठणठणीत आहे. दुकानदाराची माफी मागायला मात्र मला महिना लागला.

तुमच्या गाडीत मलाही सेन्सरचाच संशय येतो, पण तो तुम्ही लिहिलेल्या खंबाटकीच्या हकिकतीवरून. क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याबरोबर, दातांचं एक चक्र फिरत असतं. फार प्रचलित असलेल्या एका रचनेत त्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे उरले ५८. चक्राशेजारी सेन्सर : आत लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. एकेक दात समोरून गेला की गुंडाळीत विजेची लाट उठते. गाळलेल्या दातांपाशी ठोका चुकतो, आणि त्या चुकलेल्या ठोक्यावरून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळतं. तबल्याच्या ठेक्यात ‘खाली’वरून समेचा अंदाज घ्यावा तसं. हा ठेका थांबला की ईसीएम ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही.

ही तार वर्षानुवर्षं तापून-निवून कुठेतरी चिरते. थंड असताना चिरेची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापली की सुटतात. म्हणून घाटात बंद आणि अर्ध्या तासाने चालू. अशी नाटकं पेट्रोल पंपही करतो, म्हणून एक खूण बघून ठेवा. पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्या. सेल्फ फिरतोय आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडून आहे, तर क्रँक फिरतोय हे ईसीएमला कळतच नाही. काटा दोनशेच्या आसपास थरथरत असेल तर सेन्सर बोलतोय, पंपाकडे वळा. काही गाड्यांचा काटा सेल्फवर मुळातच हलत नाही. तुमच्याकडे ईएलएम ३२७ जातीचा, गाडीची माहिती फोनवर पाठवणारा ब्लूटूथ डोंगल असेल तर फोनवर आरपीएम बघा, ते जास्त भरवशाचं. २०१३ ची गाडी आहे, म्हणजे स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी (गाडीचे दोष वाचायचं) सॉकेट असणारच.

आता पहिला रविवार. इंजिन पूर्ण थंड हवं. सेन्सर बहुतेक गाड्यांत क्रँक पुलीपाशी किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याजवळ असतो, आणि सहसा १० नंबरच्या एकाच बोल्टने धरलेला असतो. गाडीखाली शिरावं लागलं तर जॅकवर विसंबू नका. खाली घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. घोडी नसेल तर शेजारून मागून आणा, पण जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायचो आणि दर वर्षी कुणीतरी घालायचंच.

कपलर सोडवताना त्याची प्लॅस्टिकची कळ वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की तुटली. आधी कपलर हलकेच आत ढकला, म्हणजे कळीवरचा ताण जातो, मग कळ दाबा आणि कपलर ओढा. वायर धरून ओढायचं नाही. आत टॉर्च मारा. हिरवा थर, ऑइलचा चिकटा, मागे सरकलेली पिन, काहीही दिसलं तर आधी तेच दुरुस्त करायचं. मग वायर बोटांनी चाचपत फूट-दीड फूट मागे जा. कुठे मऊ लागली, दबलेली लागली की थांबा. वेष्टण अखंड दिसूनही आत तांबं तुटलेलं असतं.

सगळं स्वच्छ असेल तर सेन्सर काढून टेबलावर घ्या (काढायची रीत खाली दिली आहे). दोन पिनांचा असला तर तो बहुधा गुंडाळीवाला. मल्टिमीटर रोध मोजायच्या २ के ओहमवर ठेवून दोन्ही पिनांना टोकं लावा. काही शे ओहमपासून हजारभरापर्यंत आकडा यायला हवा. नेमका किती ते मॉडेलवर ठरतं. आकडा वहीत लिहा आणि घरातला हेअर ड्रायर मागून आणा. सेन्सर तापवत आकड्याकडे बघत बसा. तो हळूहळू चढेल, त्याला घाबरू नका, तापलं की तांब्याचा रोध वाढतोच. पण चढता चढता आकडा एकदम उडून मीटर ‘ओएल’ किंवा नुसता १ (आतली तार तुटल्याची खूण) दाखवायला लागलं आणि निवल्यावर पुन्हा पहिला आकडा आला, तर खंबाटकी तुमच्या टेबलावरच घडली म्हणायची. हा प्रयोग तुमच्या आठवीच्या वर्गात दाखवायला हरकत नाही.

तीन पिना असतील तर तो हॉल सेन्सर, म्हणजे गुंडाळीऐवजी आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असण्याची शक्यता जास्त. त्याला ओहम लावून काही निष्पन्न होत नाही. त्याच्या कपलरवर किल्ली ‘ऑन’ करून पुरवठा (५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थिंग येतात का, एवढं बघा. येत असतील आणि गरमीतच बंद पडत असेल तर सेन्सर बदलून बघणं रास्त.

जुनाच सेन्सर परत बसवल्यावर मधल्या आठवड्यात गाडी कुठे अडकलीच, तर ओल्या फडक्याची घडी सेन्सरवर पाचेक मिनिटं ठेवा. बहुधा अर्धा तास वाट बघावी लागत नाही. फडकं पट्ट्यात किंवा पंख्यात सापडणार नाही एवढं पाहा, आणि सेल्फ मारायच्या आधी काढायला विसरू नका.

पुढचा रविवार. दुकानात जाताना जुना सेन्सर काढून खिशात घ्या. नुसतं मॉडेल आणि साल सांगून आणलेला सेन्सर हमखास वेगळा निघतो, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन इंजिनं येतात. अंगावरचा पार्ट नंबर जुळवा. पुण्याला जाणं होतंच, तर नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करा. फारच स्वस्त मिळाला तर कपलरचं तोंड बोटाने चाचपून बघा. डुप्लिकेट मालाची प्लॅस्टिकची कड बहुतेक वेळा खरबरीत असते.

काढायची रीत अशी : बॅटरीचं उणे टोक सोडा. बोल्टवर झिरपणारं तेल मारून दहा मिनिटं थांबा. बोल्ट निघाला तरी सेन्सर निघत नाही, कारण ओ-रिंग भोकात चिकटलेली असते. पकडीने धरून ओढलात तर प्लॅस्टिक तुटून टोक आत राहील आणि मग साडेचार हजार फार स्वस्त वाटतील. हाताने उजवी-डावीकडे फिरवत फिरवत सुटा करा. बाहेर आल्यावर टोकाला लोखंडाचा बारीक चुरा मिशीसारखा चिकटलेला दिसेल. थोडा असणं नेहमीचं आहे. चिमूटभर असेल तर टॉर्च मारून चक्राचे दात बघा, एखादा दुमडलाय का. खाली पातळ पत्र्याची चकती निघाली तर ती जपून ठेवा, सेन्सर आणि दातांमधलं अंतर राखायला ती घातलेली असते.

नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि हाताने दाबून पूर्ण बसवा. ‘टक्’ टेकल्यावरच बोल्ट. बोल्ट आवळून सेन्सर आत खेचायचा नाही, त्याचा कान तुटतो. सहसा ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात. आखूड पाना दोन बोटांनी आवळल्याइतकं धरा. वायर जिथून आली होती त्याच क्लिपमधून परत न्या, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. बॅटरी सोडल्यामुळे पहिली काही मिनिटं आयडलिंग खालीवर होईल, होऊ द्या. काही गाड्यांत नवा क्रँक सेन्सर स्कॅनरवरून ओळखवून द्यावा लागतो. दोन-चार दिवसांत चेक लाइट पुन्हा आली तर तेवढ्यापुरतं गॅरेज गाठा.

राहिले साडेचार हजार. एकदम अवाजवी म्हणणार नाही. सेन्सरच्या किमतीखेरीज त्यात गॅरेजवाल्याची जोखीम धरलेली असते. तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली तर तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहाल. घरी केलंत तर स्वतःच्याच दारात. मग एखाद्या दिवशी दिवसाउजेडी, एकट्याने, पुन्हा खंबाटकी चढून या आणि मला कळवा.

प्रश्न : काका, गाडी रात्रभर उभी असली तरी सकाळी चालू करताक्षणी रेडिएटरचा पंखा भरधाव सुटतो. ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलंय, सकाळी पेट्रोलचा वास येतो. ॲपवर पी ०११८ दिसला. व्हिडिओ बघून मी स्वतः कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलला. पंखा तसाच! सासरे रोज ‘मी सांगितलं होतं’ म्हणतात. माझं काय चुकलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, हात चुकला नाही, क्रम चुकला. माझा २०१४ साली चुकला होता तसाच. वरची हकिकत सासऱ्यांना वाचून दाखवा.

हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा एक मणी. थंड असताना रोध जास्त, तापला की कमी. २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असा बऱ्याच गाड्यांचा हिशेब. ईसीएम ५ व्होल्ट पाठवतं आणि सेन्सरच्या टोकाशी किती उरले ते बघतं. पी ०११८ चा अर्थ, जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट तसेच उभे आहेत, वीज पुढे जातच नाही. ईसीएमच्या भाषेत कूलंट उणे ४० अंश. डोंबिवलीत! त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्यालाही कळत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांत ते दोन्ही बाजूंनी सावध राहतं : इंजिन तापलंच असेल तर जळू नये म्हणून पंखा कायम चालू, आणि थंड असेल तर बंद पडू नये म्हणून पेट्रोल सढळ हाताने. तुमचा पंखा, वास आणि बारावर आलेलं ॲव्हरेज एकाच माळेतले.

आता पाच मिनिटांचं काम. ॲपमध्ये कूलंटचं तापमान लावा. इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’. सेन्सरचं दोन पिनांचं कपलर काढा, आकडा उणे ४० दिसेल. मग पातळ तारेचा तुकडा घेऊन कपलरची दोन्ही भोकं एकमेकांना जोडा. आकडा एकदम शंभराच्या वर उडाला तर ईसीएमपर्यंतची वायर ठीक आहे, दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पकडीत. उणे ४० वरच बसून राहिला तर वायर तुटली आहे आणि तुम्ही दहा सेन्सर बदललेत तरी पंखा थांबणार नाही. हे याच दोन पिनांच्या कपलरवर करायचं. दुसरं कुठलं कपलर समजुतीने जोडून बसू नका, नाहीतर सासरे खरे ठरतील.

जुना सेन्सर टाकला नसेल तर स्वयंपाकघरात घेऊन या. आयटीआयमध्ये मी पोरांना हे काचेच्या ग्लासात करायला लावायचो. ग्लासात साधं पाणी, सेन्सरचं पितळी टोक बुडेल एवढं, पिना कोरड्या. मल्टिमीटर लावा, आकडा लिहा. मग थोडं थोडं गरम पाणी ओतत जा. आकडा पायरी पायरीने उतरत गेला तर सेन्सर जिवंत आहे. ग्लास मात्र पुन्हा प्यायला वापरू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे जमिनीवर सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात. सेन्सर काढताना सांडलं असेल तर पार्किंग भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

दोन गोष्टी आणखी. व्हिडिओत आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली दाखवतात. दोन पिनांच्या सेन्सरला त्याने विजेचं काही बिघडत नाही. जुन्या गाड्यांत एकाच पिनेचे सेन्सर असायचे, त्यांना अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं, तिथे टेपने घोटाळा होतो. आणि तुम्ही सेन्सर काढला तेव्हा कूलंट गेलं आणि आत हवा शिरली. नुसती टाकी भरून भागत नाही. थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा, आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा आणि उकळी येण्याच्या आत झाकण लावा. कूलंट त्याच जातीचं, पाणी डिस्टिल्ड. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, कपडा धरूनही नाही.

(हे लिहून झाल्यावर ताईंचा निरोप आला. तार जोडली तरी आकडा उणे ४० वरच. वायर चाचपत मागे गेल्या तर बॅटरीच्या ट्रेखाली ती ॲसिडने खाल्लेली सापडली, वेष्टणाच्या आत तांब्याचा नुसता हिरवा भुगा. नवा तुकडा डाखून वर तापवून आवळणारी नळी चढवली. पंखा थांबला. सासरे काय म्हणाले ते कळवलं नाही.)

प्रश्न : पी ०१३५ कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर ऑनलाइन मागवला. जुना सुटत नाही. २२ नंबरचा पाना घसरून कोपरे गोल व्हायला लागलेत. गाडी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी असते. काय करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी पाना खाली ठेवा. पी ०१३५ हा सेन्सरच्या हीटरचा कोड आहे. सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर तीनशेएक अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून गाडी चालू होताच त्याला आतून तापवायला छोटा हीटर दिलेला असतो. त्याचा फ्यूज गेला तरी हाच कोड येतो. फ्यूज बघितलात? नसेल तर बघा, दहा रुपयांचा असतो. गेला असेल तर का गेला तेही बघा. सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर हे नेहमीचं कारण. फ्यूज चांगला असेल तर सेन्सरच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन, बऱ्याचदा पांढऱ्या, हीटरच्या असतात. त्यांच्यात काही ओहमचा आकडा यायला हवा. मीटर ‘ओएल’ म्हणालं तरच सेन्सर दोषी.

दोषी ठरलाच, तर त्याची वायर कापून टाका. तो तसाही कचऱ्यात जाणार आहे. वायर गेली की बंद तोंडाची लांब गोटी (सॉकेट पाना) वरून पूर्ण बसते आणि कोपरे उरलेसुरले धरले जातात. आदल्या रात्री झिरपणारं तेल मारा. सकाळी दहा मिनिटं गाडी चालवून पाइप गरम करा, जाड हातमोजे घाला. आधी केसभर आवळा, मग सोडवा. अर्धा आटा सुटला की पुन्हा आवळा, पुन्हा तेल. सरळ जोर लावून ओढलात तर सेन्सर आटे घेऊनच बाहेर येतो. खाऱ्या हवेत लोखंड लोखंडाला कसं धरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन तासांत सुटला नाही तर सायलेन्सरवाल्याकडे जा. त्याच्याकडे गॅसची ज्योत आहे, पाच मिनिटांत लाल करून सोडवेल. त्यात कमीपणा नाही, मीही तेच करतो.

आटे थोडे दुखावले असतील तर सायलेन्सरवाला १८ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराचा, आटे पाडायचा टॅप फिरवेल. बहुतेक गाड्यांत हेच माप असतं. नव्या सेन्सरच्या आट्यांवर राखाडी मलम लावूनच येतं, ते पुसू नका. टोकाला बोट, ग्रीस, स्प्रे, काही लावायचं नाही. सिलिकॉनच्या पेस्टने गळती बुजवायची सवय असेल तर ती इथे सोडा. सिलिकॉनची वाफ टोकावर बसून नवा सेन्सर मारते.

प्रश्न : माझी डिझेल गाडी आहे. रेल प्रेशर सेन्सर घरी बदलता येईल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेल १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने फिरतं, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पट. तिथला सांधा नीट बसला नाही तर सुटणारी धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडी भेदून बोटात शिरते. वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो, आत बोट सडतं. शिवाय धुळीचा एक कण इंजेक्टर खराब करायला पुरतो. कपलर, वायर, फ्यूज तपासा, पाना लावू नका.

प्रश्न : ॲपवरून कोड पुसला की चेक लाइट जाते. मग सेन्सर बदलायचाच कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुसा की. दोष असेल तर दोन-चार फेऱ्यांत परत येईल. फक्त पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. कोड पडला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती तापलेलं, आरपीएम किती, याची नोंद ईसीएम ठेवतं, आणि कोडबरोबर तीही पुसली जाते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ कोड पुसून गाडी शेडमध्ये घेऊन आले आणि ‘आता शोधा’ म्हणाले. मी चहा पाजला, लाइट पुन्हा लागली की या म्हणून सांगितलं. अजून आलेले नाहीत.